उद्दिष्ट लिहिण्याआधी शेवटचा प्रश्न लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका संस्थेत काम करणाऱ्या ताईंना पेठ आणि सुरगाणा तालुक्यातल्या शाळांसाठी दुसरी ते पाचवीचा वर्षभराचा वाचन-गणित कार्यक्रम लिहायचाय. निधी देणाऱ्यांनी कार्यक्रमाची उद्दिष्टं वेगळी आणि प्रत्येक ॲक्टिव्हिटीचं उद्दिष्ट वेगळं मागितलंय, आणि सगळं ‘मोजता येईल असं’ पाहिजे. ताईंनी आधी ‘मुलांना समजेल’, ‘आवड निर्माण होईल’ असं लिहिलं, ते परत आलं. मग एआयकडून ब्लूमच्या क्रियापदांची यादी (उद्दिष्टं लिहायला शिक्षणशास्त्रात वापरतात ती) घेतली आणि सगळीकडे ‘विश्लेषण करतील’, ‘उपयोजन करतील’ असं बसवलं. आता कागद पास होईल असं वाटतंय, पण वर्गात घ्यायच्या ॲक्टिव्हिटीत तसूभर फरक पडला नाही, मग हे सगळं लिहायचं कशाला, असं त्या विचारतायत. सोबत काही नमुने दिलेत, त्यातलेच खाली घेतो.

ताई, फरक पडला नाही हे तुमच्या लक्षात आलं हेच मोठं आहे, कारण बहुतेक जण कागद पास झाला की विषय सोडून देतात. मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो, आणि टाचण वह्या (शिक्षकाच्या रोजच्या पाठाच्या तयारीच्या) बघायचं काम पण पुष्कळ केलंय, त्यावरून सांगतो. उद्दिष्ट खरं आहे की शोभेचं, हे ओळखायचं असेल तर एकच बघा. ते लिहिल्यावर तुमच्या तासातून काहीतरी बाहेर पडलं का? काही गाळावं लागलं का? आधी जी ॲक्टिव्हिटी होती तीच जशीच्या तशी राहिली असेल तर उद्दिष्ट नुसतं वर चिकटवलंय.

तुमचा अपूर्णांकाचा नमुना घेऊ. मुलं कागदाच्या घड्या घालून अर्धा, पाव असे भाग करतील, रंगवतील आणि वहीत चिकटवतील अशी ॲक्टिव्हिटी आहे. उद्दिष्ट पहिल्यांदा होतं ‘अपूर्णांकाची संकल्पना समजेल’, दुसऱ्यांदा झालं ‘अपूर्णांकांचे विश्लेषण करतील’. आता मला सांगा, तास संपल्यावर मागे बसलेल्या एखाद्या मुलीला तुम्ही काय विचाराल की ज्याच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल की हिला आलं? हा प्रश्न दोन्ही वाक्यांतून निघत नाही. म्हणून उलटं करा, आधी तो शेवटचा प्रश्न लिहा. चौथी-पाचवीच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात एक गोष्ट हमखास दिसते, १/६ मोठा की १/८ मोठा विचारलं की मुलं १/८ म्हणतात कारण आठ मोठा आहे. हीच अडचण धरली तर शेवटचा प्रश्न आपोआप तयार होतो, आणि उद्दिष्ट असं येतं: ‘अंश सारखा असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता ते मूल सांगेल, आणि तो मोठा का, हे कागदाची घडी घालून किंवा चित्र काढून एकटं दाखवेल.’

बघा आता काय काय बदलतं. सगळ्यांना एकाच मापाचे कागद द्यावे लागतील, नाहीतर तुलनाच होत नाही (तुमच्या साहित्याच्या यादीत ‘रंगीत कागद’ एवढंच आहे, माप नाही). घड्या फक्त अर्ध्या-पावपर्यंत थांबवून चालणार नाही, एकाच मापाच्या दोन पट्ट्यांचे तीन आणि चार भाग करून शेजारी शेजारी ठेवावे लागतील. रंगवणं आणि चिकटवणं, ज्यात तुमची वीस मिनिटं जाणार होती आणि ज्याचे फोटो छान येतात, ते उडालं. आणि शेवटी विचारताना वर्गात घेतलेलीच जोडी विचारायची नाही, वर्गात १/३ आणि १/४ केलं असेल तर शेवटी १/६ आणि १/८ विचारायचं, नाहीतर तुम्ही पाठांतर तपासताय. एवढं सगळं त्या एका वाक्याने ठरलं. ‘विश्लेषण करतील’ने काय ठरलं होतं?

आता ब्लूमबद्दल, कारण त्या बिचाऱ्या माणसावर आपल्याकडे फार अन्याय झालाय. ज्यांनी महाराष्ट्रात जुनं बीएड-डीएड केलंय त्यांना पाठ टाचणातले ते दोन रकाने आठवत असतील, एकीकडे उद्दिष्टं, दुसरीकडे स्पष्टीकरणं. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, अभिरुची, आणि समोर ‘विद्यार्थी आठवतो, ओळखतो, फरक सांगतो, उदाहरण देतो’. पुढच्या बॅचने मागच्या बॅचची वही बघून हे उतरवायचं अशी परंपराच होती. याचं मूळ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये काढलेल्या वर्गीकरणात आहे, आणि ही मंडळी मुळात होती कोण, तर अमेरिकेतल्या कॉलेजांमधले परीक्षेचं काम बघणारे लोक. आपण काढतोय तो प्रश्न मुलाकडून नक्की कसला विचार मागतोय, नुसतं आठवायला लावतोय की नव्या ठिकाणी वापरायला लावतोय, हे त्यांना ठरवायचं होतं. म्हणजे उद्दिष्ट आणि प्रश्न ही जोडी जन्मापासून एकत्र होती. ब्लूम १९५७ मध्ये भारतात पण आले होते, मूल्यमापनाच्या कार्यशाळा घ्यायला, आपल्याकडच्या परीक्षा सुधारणेच्या कामाला त्यातून गती मिळाली. पण टाचणाच्या वहीपर्यंत येता येता प्रश्न गळून पडला आणि क्रियापदं तेवढी उरली. पुढे २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ती यादी सुधारली, आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती, एआयने तुम्हाला जी दिली ती बहुतेक हीच. यादीत वाईट काही नाही. फक्त ती आधी उघडायची नाही. आधी प्रश्न लिहा, मग यादीशी ताडून बघा की महिनाभर आपण सगळे ‘आठवणे’वालेच प्रश्न विचारतोय की काय. तिचा खरा उपयोग तिथे आहे.

ब्लूमपेक्षा रोजच्या कामाला मला रॉबर्ट मेगर, उद्दिष्टं कशी लिहायची यावरच पुस्तक लिहिणारा, जास्त उपयोगी वाटतो. १९६२ मध्ये त्याने सांगितलं की उद्दिष्टात तीन गोष्टी पाहिजेत, शिकणारा काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत, आणि किती चांगलं केलं की पुरे म्हणायचं. तुम्ही ज्या निपुण भारतची लक्ष्यं वापरताय (२०२१ मध्ये सुरू झालेलं अभियान, तिसरीपर्यंत पायाभूत वाचन आणि गणित) त्यात हाच साचा दिसेल. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीच्या मुलाने किमान ६०, मजकूर त्याच्या वयाला साजेसा पण अनोळखी, आणि वाचलेलं समजलं पाहिजे. पहिलीत संख्या ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९९९९ पर्यंत. काय, कशात, किती, तिन्ही आहे. गंमत अशी की शाळेपर्यंत यातला ‘किती’ तेवढाच जोरात पोचतो. मोबाईलवर टायमर लावून मुलं धडाधडा वाचतात, स्वल्पविराम नाही पूर्णविराम नाही, आणि गोष्टीत कोण होतं विचारलं की गप्प. ‘अनोळखी’ आणि ‘समजून’ हे दोन शब्द कुठेतरी वाटेत सांडले. म्हणून तुम्ही लिहाल तेव्हा वेग आणि अर्थ एकाच वाक्यात घट्ट बांधा, ‘पूर्वी न पाहिलेला, साधारण अर्ध्या पानाचा उतारा वाचेल आणि न बघता त्यात काय झालं ते क्रमाने सांगेल’, म्हणजे कोणी अर्धं उचलून नेणार नाही.

आणि तुमच्या भागासाठी ‘परिस्थिती’ फार महत्त्वाची आहे. सुरगाण्यातलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं मूल दुसरीत आहे, त्याने गोष्ट ऐकली, त्याला ती कळली, आणि तुम्ही म्हणता ‘आता स्वतःच्या शब्दांत सांग’, तर कुठल्या भाषेत? हे उद्दिष्टात लिहिलेलं नसलं की समोर बसलेला माणूस ठरवतो, आणि तो प्रमाण मराठीतलं वाक्य आलं नाही म्हणून ‘आकलन नाही’ अशी खूण करून मोकळा होतो. तुम्हाला आकलन बघायचंय की मराठी बोलणं बघायचंय? दोन्ही बघायचं असेल तर दोन वेगळी उद्दिष्टं करा. पहिलं, ‘ऐकलेली गोष्ट स्वतःच्या बोलीत क्रमाने सांगेल.’ दुसरं, वर्षाच्या पुढच्या भागात, ‘तीच गोष्ट चित्रांच्या आधाराने मराठीत सांगेल.’ पहिल्यासाठी तपासणाऱ्याला बोली कळली पाहिजे, म्हणजे गावातली बारावी झालेली एखादी मुलगी स्वयंसेवक म्हणून लागेल, म्हणजे बजेटमध्ये तिचं मानधन आलं. नीट लिहिलेलं उद्दिष्ट असं बजेटपर्यंत जातं.

आता कार्यक्रमाची उद्दिष्टं आणि ॲक्टिव्हिटीची उद्दिष्टं, इथे तुमचा खरा गोंधळ आहे असं मला वाटतं. तुमच्या कागदावर दोन्हीकडे साधारण एकाच आकाराची वाक्यं आहेत. ध्येय, उद्दिष्ट, निष्पत्ती, क्षमता यातलं काय कशाला म्हणायचं यावर वेळ घालवू नका, निधीवाले जो शब्द वापरतात तो वापरा. आकार मात्र वेगळा पाहिजे. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा हीच उतरण आहे, वर अभ्यासक्रमाची मोठी ध्येयं, त्याखाली क्षमता, त्याखाली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं ते. आणि एनसीईआरटीने २०१७ मध्ये ज्या इयत्तावार निष्पत्ती काढल्या, ज्या आपल्याकडे पुस्तकांत क्रमांकासकट छापून आल्या, त्या वर्षभराच्या आहेत. टाचणात क्रमांक उतरवला की आजच्या तासाचं उद्दिष्ट झालं असं होत नाही, त्याचा आजचा तुकडा कापून घ्यावा लागतो.

उदाहरण देतो. तिसरीची एक निष्पत्ती आहे, तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी वापरून रोजच्या व्यवहारातले प्रश्न सोडवणं. एका वाक्यात वाटतं सोपं, पण आत किमान तीन वेगळी कामं आहेत. एक, दशक-शतक सोडवून वजाबाकी म्हणजे काय ते कळणं, त्यासाठी काड्यांचे गठ्ठे पाहिजेत. दोन, ते उभ्या मांडणीत बरोबर लिहिणं, आणि ४०३ वजा १५८ सारखं मधे शून्य आलं तरी न अडखळणं. तीन, गोष्टीतलं उदाहरण वाचून कुठली क्रिया करायची ते ठरवणं. तिसरं काम आपण स्वतंत्रपणे शिकवतच नाही आणि मग परीक्षेत निम्मा वर्ग विचारतो, ‘बाई, बेरीज करू का वजा?’ हा प्रश्न आला की समजायचं की गणित येतंय, उदाहरण वाचता येत नाहीये. तर त्या तासाचं उद्दिष्ट असं लिहा: ‘सहा शाब्दिक उदाहरणं वाचून, ती न सोडवता, बेरीज की वजाबाकी एवढंच ठरवेल आणि उदाहरणातल्या कुठल्या गोष्टीवरून ठरवलं ते सांगेल.’ ‘न सोडवता’ हे त्यात मुद्दाम आहे. आकडेमोड बाहेर काढली की ज्याला हातचा जमत नाही तो पण या तासात बरोबरीने बसतो. आणि उदाहरणं करताना ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजा अशी खूण मुलांना सापडू देऊ नका, एखादं असं घाला की ‘पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटो पाठवले, एकूण २४० कॅरेट, त्यातले ८५ सकाळच्या गाडीत गेले, दुपारच्या गाडीत किती?’ एकूण आहे तरी वजाबाकी आहे. ज्याने शब्द पकडला तो इथे फसतो, ज्याने प्रसंग समजून घेतला तो फसत नाही, आणि तुम्हाला दोघांतला फरक दिसतो.

मोजता येण्याच्या हट्टाचा एक तोटा पण सांगून ठेवतो. तुमचा क्षेत्रभेटीचा नमुना, नांदूरमध्यमेश्वरला पाचवीच्या मुलांना नेणार आहात, फार छान, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं पाणथळ, रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. आधी उद्दिष्ट होतं ‘निसर्गप्रेम निर्माण होईल’. परत आल्यावर तुम्ही केलं ‘मुले २० पक्ष्यांची नावे लिहितील’. हे शंभर टक्के मोजता येतं, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा वाईट आहे. कारण वीस नावं लिहायला नांदूरला जायची गरज नाही, वर्गातल्या तक्त्यावरून पण होतात, आणि तिथे गेल्यावर मुलं दुर्बिणीतून बघायचं सोडून गाईडने सांगितलेली नावं वहीत उतरवत बसतील. जी गोष्ट त्या जागीच होऊ शकते ती मागा. चमच्या पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो, शेकाट्याचे पाय काडीसारखे लांब, बदकं वरच तरंगतात, तिघं एकाच पाण्यात, मग एकमेकांच्या पोटावर पाय कसे येत नाहीत? ‘दोन पक्ष्यांचं दहा-दहा मिनिटं निरीक्षण करून, चोच, पाय आणि हालचाल यावरून ते कुठे आणि काय खात असतील याचा अंदाज सांगेल, आणि स्वतः पाहिलेला निदान एक पुरावा देईल.’ परत आल्यावर न पाहिलेल्या एखाद्या पक्ष्याचा फोटो दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. दोन पक्षी, वीस नाही. गाळणं म्हणतो ते हेच.

निसर्गप्रेम, आत्मविश्वास, वाचनाची आवड हे सगळं खोटं आहे असं मात्र मी म्हणत नाहीये. फक्त ते चाळीस मिनिटांच्या ॲक्टिव्हिटीच्या डोक्यावर टाकू नका, ते कार्यक्रमाच्या पातळीवर घ्या आणि तिथे खुणा लिहा. आत्मविश्वासाच्या खुणा म्हणजे परिपाठात नेहमीची चार मुलं सोडून इतर किती जण बोलायला उभी राहिली, फळ्यावर कोण आपणहून आलं. वाचनाच्या आवडीची खूण म्हणजे कोणी न सांगता पेटीतली पुस्तकं घरी किती जातायत आणि परत येताना ती उघडलेली दिसतायत का. महिन्यातून एकदा नोंद पुरते. आणि कवितेचा, चित्राचा तास असेल तर उद्दिष्ट मुद्दाम सैल ठेवा. एलियट आयझनर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकातच हे मांडलं होतं की कलेच्या बाबतीत काय निघेल हे आधी ठरवण्यात अर्थ नाही, मुलाला कुठल्या अनुभवात उतरवतोय एवढंच ठरवता येतं. ‘कवितेतली आवडलेली ओळ निवडेल आणि तीच का ते सांगेल’ इथपर्यंत ठीक, त्यापुढे ‘कवीच्या भावना समजून घेईल’ असं काही लिहू नका, ते आपल्यालाच अजून नीट जमत नाही.

माता-पालक गटाच्या बैठकीचं ‘जागृती निर्माण होईल’ हे तर ताबडतोब काढा. मोठ्यांच्या प्रशिक्षणात तर हे आणखी सहज दिसतं. निफाड-लासलगावकडे कांदा साठवणीच्या प्रशिक्षणाला शंभर लोक येतात, भाषण होतं, चहा होतो, जागृती झाली असं रिपोर्टात जातं. त्याऐवजी उद्दिष्ट ठेवा की ‘समोरच्या उन्हाळ कांद्याच्या ढिगातून चाळीत घालायचे नाहीत असे कांदे, जोड, डेंगळे, जाड मानेचे, स्वतः निवडून बाजूला काढेल’, मग ढीग आणावाच लागतो, लोकांना उठून हात घालावाच लागतो आणि भाषण अर्ध्यावर येतं. तुमच्या बैठकीत पण तेच करा. आईला वाचता येत नसलं तरी मुलाकडून पाच मिनिटं मोठ्याने वाचून घेणं आणि ‘मग पुढे काय झालं’, ‘तुला काय वाटतं’ असे दोन प्रश्न विचारणं हे तिला जमतं, ते तिथेच स्वतःच्या मुलासोबत एकदा करून बघायचं, एवढंच त्या बैठकीचं उद्दिष्ट. बाकीच्या सूचनांचा कागद वाचून दाखवू नका.

कार्यक्रमाच्या मुख्य उद्दिष्टात तुम्ही लिहिलंय ‘वर्षअखेर ८०% मुले इयत्तानुरूप वाचतील’. हा ८० कुठून आला? तुम्ही अजून एकाही शाळेत मुलांना बसवून वाचायला लावलेलं नाही. निधीवाल्यांना आकडा लागतो हे मला मान्य, पण त्यांना सरळ सांगा की आकडा पायाभूत चाचणीनंतर देतो, जाणकार असतील तर त्यांनाही हे पटतं. आणि इयत्तेपेक्षा पातळी धरा. असरच्या (गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीच्या) चाचणीत जशी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चढण आहे तशी धरली तर उद्दिष्ट असं होतं: ‘सुरुवातीला शब्द पातळीवर असलेलं मूल मार्चपर्यंत परिच्छेद वाचेल, परिच्छेदावरचं मूल गोष्ट वाचेल आणि तिच्याबद्दल बोलेल.’ यात चौथीतलं अक्षरावर अडकलेलं पोर पण मोजलं जातं. इयत्तानुरूप वाचनाच्या उद्दिष्टात ते पोर अक्षरावरून शब्दावर आलं तरी वर्षअखेर नापासच दिसतं, आणि मग नकळत सगळे शिक्षक उंबरठ्यावरच्या दहा मुलांवरच मेहनत घेतात, कारण टक्का तेच हलवणार असतात. लिहिताना एक ओळ चुकली की वर्षभर वर्गातलं लक्ष कुणाकडे जाणार ते बदलतं.

रोजच्या तपासणीबद्दल. दोन शिक्षकी शाळा, जोडवर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाईन माहिती भरणं, तिथे प्रत्येक मुलाची रोज नोंद मागाल तर ती संध्याकाळी एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेली मिळेल. त्यापेक्षा शेवटचा प्रश्न सगळ्यांना पाटीवर सोडवायला सांगा, पाट्या वर करा, शिक्षकाने एक नजर टाकायची आणि टाचणाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलने एक ओळ, ‘निम्म्यांना नाही, उद्या पट्ट्या परत’. बास. वेगवेगळ्या पातळीची चार-पाच मुलं ठरवून त्यांना जरा खोलात विचारायचं, दर आठवड्याला मुलं बदलायची. शाळाभेटीला केंद्रप्रमुख किंवा तुमचा समन्वयक आला तर त्यानेही वही न मागता शेवटचा प्रश्न दोन मुलांना विचारून बघावा.

उद्दिष्ट फळ्यावर लिहून मुलांकडून वाचून घ्यायची पद्धत काही शाळांत आहे, मला ती फारशी पटत नाही. सरावाचा तास असेल तर सांगा, ‘आज शून्य मधे आलेली वजाबाकी पक्की करायची’, मुलांना दिशा मिळते. शोधायचा तास असेल तर आधीच सांगितलं की मजा गेली. पट्ट्यांच्या तासाला फळ्यावर ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ लिहून सुरुवात केली तर उरलं काय? जिथे शिक्षक समोर नसतो तिथे गोष्ट वेगळी. आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, गंगापूर धरणाच्या रस्त्याला १९८९ पासून आहे तेच, पुस्तकं बघा, घटकाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टं दिलेली असतात की हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय काय करता येईल, कारण नोकरी करून रात्री एकट्याने वाचणाऱ्या माणसाला स्वतःला तपासायला दुसरं कोणी नसतं. स्वयंसेवकांसाठी पुस्तिका काढणार असाल तर तो नमुना जरूर घ्या.

इंजिनिअरिंगवाल्यांचं ते विषयनिहाय निष्पत्ती आणि पदवीच्या निष्पत्ती यांचं ३-२-१ चं मॅपिंग (कशाचा कशाशी किती संबंध ते आकड्यात भरायचा तक्ता) तुमच्या प्रस्तावात कोणीतरी घालायला सांगितलंय असं दिसतंय. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी मान्य करण्याच्या) पूर्ण सदस्य झाल्यापासून कॉलेजांत ते जोरात आहे, आणि समिती यायच्या आदल्या रात्री ते कसं भरलं जातं हे कुठल्याही प्राध्यापकाला खाजगीत विचारा. दुसरीच्या वाचनाला त्याची काही गरज नाही. एका बाजूला कार्यक्रमाची चार उद्दिष्टं, त्यापुढे कोणत्या महिन्यात त्यातला कुठला तुकडा, त्यापुढे शेवटचा प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी ॲक्टिव्हिटी, या क्रमाने तक्ता केलात की पुरे. ॲक्टिव्हिटीचा रकाना शेवटी ठेवा हं, तो पहिला ठेवला की हात आपोआप आधी तिथेच जातो. एआयचा उपयोग करायचाच तर इथे करा, उद्दिष्ट तुमचं, आणि त्याला म्हणा याच प्रश्नाची दहा वेगळी रूपं दे, नावं-गावं पेठ-सुरगाण्याची घाल. त्यातले सहा टाकून द्यावे लागतील, चार चांगले निघतात.

तुमच्या चाळीस ॲक्टिव्हिटींपैकी ज्यांना शेवटचा प्रश्न सापडत नाही त्या काढून टाका, माझा अंदाज आहे पंचवीसेक उरतील, आणि तेवढ्याच वर्षात नीट होतात. अजून एक, पायाभूत चाचणीची तारीख प्रस्तावात तुम्ही डिसेंबर टाकलीय. तुमच्या गावांतली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि पोरं सोबत जातात, तेव्हा चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच घ्या, नाहीतर ज्या मुलांसाठी हा कार्यक्रम सगळ्यात जास्त लागतो त्यांची नावं यादीत येणारच नाहीत. आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये परत आली की कुठल्या पातळीपासून पुन्हा धरायची, त्याचा एक रकाना त्याच तक्त्यात आत्ताच आखून ठेवा.